तोरणमाळचे बैल

आमच्या घरात खोटं बोलायला सक्त बंदी होती, आणि घर चालत होतं नानांच्या गुरांच्या दलालीवर. या दोन गोष्टी एका छताखाली कशा नांदत होत्या, हे बी.ए. होईपर्यंत मला कळलं नव्हतं. कळलं तेव्हा मी हातात कागद घेऊन भर बाजारात उभी होते, आणि सगळा बाजार माझ्याकडे बघून हसत होता.

नाना म्हणजे माझे वडील. तापीकाठच्या केळी-उसाच्या गावांकडून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, आणि गावाबाहेर दर आठवड्याला भरणारा गुरांचा बाजार. खालच्या शेतकऱ्याला बैल हवा असे, डोंगरातल्याला विकायचा असे, आणि दोघांच्या मध्ये कडुनिंबाखाली नाना बसलेले असत. बाजाराच्या आदल्या दिवशी ऊन कललं की डोंगरातली माणसं बैल घेऊन उतरायला लागत. त्यांचा मुक्काम आमच्या अंगणात. माय चुलीपुढे बसून दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, भाकऱ्या थापायची. तो थापण्याचा आवाज, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या आणि रवंथ करतानाचे त्यांचे संथ सुस्कारे, हे सगळं मिळून माझ्या लहानपणीची संध्याकाळ होत असे. कालवण ठरलेलं, लाल मिरचीचा रस्सा. जेवणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर माय नाराज व्हायची. "आज मिरची फुसकी निंघनी," असं पुटपुटत ती पुन्हा तवा चढवायची. आता माझ्या घरात गॅस आहे, भाकरी पाकिटातल्या पिठाची नाही एवढंच समाधान, आणि डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. अंगणात बैलाच्या जागी जावयाची गाडी उभी असते. ती रवंथ करत नाही.

त्या पाहुण्यांत वेस्तादादा हा नेहमीचा. काठीकडच्या एका पाड्यावरचा, उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. घरी ते लोक भिली बोलत. आमच्याशी बोलताना तो अडखळत का होईना, अहिराणी बोलायचा. येताना मायसाठी कधी डिंक, कधी चारोळी आणायचा. होळी जवळ आली की मात्र त्याची जीभ सुटायची. काठीची होळी, त्यासाठी आणलेला उंच बांबू, मोरपिसांचे टोप घातलेली माणसं, पहाटेपर्यंत चाललेले ढोल, असं सगळं तो हातवारे करून सांगायचा आणि शेवटी मायला म्हणायचा, "औंदा तरी ये वं, बाय." माय दरवर्षी हो म्हणायची आणि कधीच गेली नाही. सांगायचा मुद्दा हा की वेस्तादादा काठीचा, हे आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

बी.ए. झाल्यावर मी घरी बसून होते. पुण्याच्या एका संस्थेला आमच्या बाजारातल्या गुरांची माहिती दर आठवड्याला हवी होती. त्यांना स्थानिक मुलगा पाहिजे होता. मुलगा मिळाला नाही, मी मिळाले. नानांनी कपाळावर आठ्या घातल्या. "बजारमा पोर काय करी?" माय भाकरी उलटता उलटता म्हणाली, "तुम्ही जातस ना? मंग ती बी जाई. तठे काय वाघ बसेल शेत?" तिथे काय वाघ बसलेत, या प्रश्नावर विषय मिटला. काम सोपं होतं, किंवा मला तसं वाटलं. प्रत्येक बैलापुढे जायचं आणि चार गोष्टी लिहायच्या: गाव कोणतं, दात किती, जात कोणती, विक्री झाली की नाही. दातांवरून वय कळतं; दोन दाती म्हणजे कोवळा, चार दाती म्हणजे ऐन उमेदीचा, सहा दाती त्याच्या पुढचा, आणि सगळे दात आले की जुळलेला.

पहिल्या दोन-तीन बाजारांतच माझे कागद इतके नीटनेटके भरले की मलाच माझं कौतुक वाटलं. नंतर ते घरी पसरून बघितले तर काय, आमच्या बाजारातला जवळजवळ प्रत्येक बैल चार दाती होता आणि जवळजवळ प्रत्येक बैल तोरणमाळचा होता. दातांचं एक वेळ मी समजू शकत होते, वय लपवायला माणसं काय आणि बैल काय. पण तोरणमाळ? खालच्या शेतकऱ्याची पक्की समजूत होती की तोरणमाळचा घाट चढून-उतरून तयार झालेला बैल उसाच्या गाडीला कधी बसत नाही, त्याचे खूर दगडासारखे. म्हणून विकणारा प्रत्येक जण तोरणमाळ सांगायचा. पुण्याचे सर मात्र हरखून गेले. तोरणमाळला गुरांची मोठी पैदास होत असणार, तिथे काहीतरी प्रकल्प करता येईल, असं त्यांनी कळवलं. सर भले गृहस्थ होते. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, हीच पंचाईत होती. तोरणमाळच्या एस.टी.वरच्या कंडक्टरला मी माझे आकडे सांगितले तेव्हा तो तिकिटं फाडायचं थांबवून म्हणाला, "ताई, इतला बैल तोरणमाळमा शेत, ते मानसे कोठे ऱ्हातस?"

शेवटी एका बाजारात वेस्तादादाच समोर आला. आदल्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून त्यानं काठीच्या होळीचं साग्रसंगीत वर्णन केलं होतं. मी कागद सरसावून विचारलं, "कोठला बैल शे, दादा?" त्यानं एकदा नानांकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तोरणमाळ." मला हसावं की रडावं कळेना. आजूबाजूच्यांना कळलं, ते हसले.

त्या संध्याकाळी मी नानांना जेवताना धरलं. हे त्यांनीच सगळ्यांना पढवलेलं होतं, ते त्यांनी नाकारलंही नाही. "नाना, हे खोटं नाही का?" असं विचारल्यावर त्यांनी घास खाली ठेवला आणि अगदी शांतपणे मला त्यांचा धर्म समजावून सांगितला. "बजारमा तोंडनं बोलनं कोनी खरं मानस का? घेनारले बी माहीत शे, देनारले बी माहीत शे. खरं ते रुमालमा."

रुमालाचं सांगायला हवं, कारण आता ती रीत बघायला मिळणं कठीण. दलालाच्या खांद्यावर मोठा रुमाल असे. तोंडानं वाट्टेल ते भाव ओरडून झाले की दलाल समोरच्याचा हात धरे, दोघांच्या हातांवर रुमाल टाके, आणि खरा व्यवहार आत बोटांनी होई. जितकी बोटं धरली तितका आकडा. बाहेर उभ्या असलेल्यांना दोन माणसांचे चेहरे दिसत, बाकी काही नाही. या रुमालाचे दोन नियम होते. आत बोटांनी खोटं सांगायचं नाही. ज्यानं सांगितलं त्याच्या हातात पुन्हा कोणी हात देत नसे. आणि आतलं बाहेर बोलायचं नाही. नानांनी लहानपणी मला आकडे शिकवले तेही असेच, बोटं धरून, त्यामुळे ती भाषा मला पाटीवरच्या आकड्यांच्या आधी येत होती. पण मुलीनं बाजारात रुमालाखाली हात घालणं हे आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणजे बघा, ज्या खऱ्या माहितीसाठी मला नेमलं होतं ती सगळी त्या रुमालाखाली होती आणि मी वर उभी राहून ओरडणं लिहून घेत होते. मी तोरणमाळपुढे बारीक प्रश्नचिन्ह घालायला लागले. सरांनी कळवलं, प्रश्नचिन्हं घालू नका, बेरजेत अडचण येते.

असं ते वर्ष सरत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. पेरणीआधीचा तो मोठा बाजार, घरोघरी माहेरवाशिणी, झाडांना झोके, आणि आमच्या घरात सांजोऱ्यांचा वास. बाजार ऐन भरात असताना नानांच्या कडुनिंबाखाली बांधलेल्या काही बैलांच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबताना दिसल्या. एक बैल पाय झाडत होता, त्याच्या खुराच्या बेचक्यात लाल जखम. लाळ-खुरकत. हा शब्द बाजारात मोठ्यानं कोणी उच्चारला नाही, पण गर्दी आपोआप मागे सरकली. बैलांचे मालक केव्हा दावं सोडून गर्दीत मिसळले आणि पसार झाले, ते कळलंच नाही. दोष आपल्यावर येईल ही त्यांची भीती, दुसरं काय.

गुरांचे डॉक्टर जीप घेऊन आले. तरुण होते, नुकतेच बदलून आलेले, तोपर्यंत त्यांना खालची-वरची गावंही नीट ठाऊक नव्हती. त्यांनी बैल तपासले आणि सरळ नानांना विचारलं, "काका, हे बैल कुठले?" भोवती खालच्या गावांतले वीस-पंचवीस शेतकरी कान टवकारून उभे होते. याच झाडाखालून त्यांनी वर्षानुवर्षं तोरणमाळचे म्हणून बैल नेले होते. नाना म्हणाले, "तोरणमाळना शेत." डॉक्टरांनी माझ्याकडे हात केला, मी कागद दिले. तेही तेच सांगत होते. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, जीपमध्ये लशीची एकच पेटी आहे, बर्फात. दुसरी कधी येईल सांगता येत नाही. आजारी पडलेल्या जनावराला लशीचा उपयोग नाही. ज्या गावात रोग शिरलाय त्याच्या आजूबाजूच्या पाड्यांना आज-उद्या टोचलं तरच ते वाचतील. मी तोरणमाळला निघतो."

ते बैल तोरणमाळचे नव्हते हे मला पक्कं वाटत होतं. कुठले होते हे मात्र माहीत नव्हतं; त्यांचे मालक आदल्या रात्री आमच्या अंगणात उतरले नव्हते, सकाळी परस्पर बाजारात आले होते. डोंगरात घरटी बैलांची एक जोडी. ती ऐन पेरणीला लंगडी झाली तर वर्षाचं धान्य गेलं, आणि माणसं लेकराबाळांसकट कामाला गुजरातेत. पेटी चुकीचा घाट चढून गेली असती तर परत उतरेपर्यंत बर्फच वितळलं असतं. मी नानांकडे गेले आणि हळूच विचारलं. ते समोर बघतच म्हणाले, "सांगं ना. तोरणमाळ." घरी नेऊन विचारावं इतका वेळ नव्हता, आणि घरीही त्यांनी मला भाकरी खायला सांगितली असती. डॉक्टर जीपकडे चालायला लागले होते.

मग मी जे केलं ते मला आधी सुचलेलं नव्हतं. मी नानांच्या समोर जमिनीवर बसले, त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, त्यांचा उजवा हात धरला आणि दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. बाजारात हशा पिकला. नानांचे सोबती भिकाकाका, तेही दलालच, ओरडले, "अरे नाना, अंडेर बैल ले ऱ्हायनी!" म्हणजे लेकच बैल घ्यायला बसली. नानांचा हात माझ्या हातात ताठ झाला. तो त्यांनी काढून घेतला असता तर मी काहीच करू शकले नसते. त्यांनी काढला नाही. मी त्यांच्या डोळ्यांत बघून, फक्त त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एकेका जागेचं नाव घेत गेले. तोरणमाळ म्हटलं. त्यांची बोटं हलली नाहीत. धडगाव म्हटलं. काही नाही. काठी म्हटलं, आणि त्यांनी माझी पाचही बोटं मुठीत धरली. सोडली, पुन्हा पाचही धरली. इतकी घट्ट, की माझी बांगडी रुतली. त्यांचा चेहरा तसाच होता, बाजारात बसतो तसा. पण आपण काय देतो आहोत हे त्यांना पुरतं माहीत होतं.

मी उठले आणि पळत जीपपाशी गेले. "काठी," मी म्हणाले, "तोरणमाळ नाही. काठीकडचे पाडे." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग दूर बसलेल्या नानांकडे बघितलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही याबद्दल मी त्या माणसाची आजही ऋणी आहे. जीप उलट्या दिशेला वळली तेव्हा बाजारातला हशा थांबला. कोणाला सांगायची गरज उरली नव्हती.

रोग तिथेच निघाला. एका पाड्यात तो शिरला होता, तिथली जनावरं पडली. आजूबाजूच्या पाड्यांना, त्यांत वेस्तादादाच्याही, वेळेवर लस मिळाली आणि त्यांच्या जोड्या पेरणीला उभ्या राहिल्या. हे डॉक्टरांनीच येऊन ओट्यावर बसून सांगितलं. मायनं त्यांना रस्सा वाढला, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ती त्यांच्यावर खूश झाली. नाना आत खाटेवर पडून ऐकत होते. बाहेर आले नाहीत.

मधे काही वर्षांपूर्वी गुरांवर लंपी रोग आला आणि बाजार बंद झाले, तेव्हा एक तरुण मुलगी मोबाईल घेऊन माझ्याकडे आली होती. आता प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर आकडे असतात, मोबाईल धरला की जनावराचा सगळा इतिहास समोर. मला ते फार आवडलं, खोटं कशाला सांगू. तिनं विचारलं, तुमच्या वेळी तुम्ही माहितीची खात्री कशी करत होतात? मी म्हटलं, चहा घे. तिला काय सांगणार होते? माझ्या आयुष्यात खात्रीची माहिती मला एकदाच मिळाली, आणि ती देणाऱ्याचं त्यात सगळं गेलं.

कारण नानांचं गेलं. खुरकतीमुळे बंद पडलेला बाजार पावसाळ्यात पुन्हा सुरू झाला तेव्हा भिकाकाका घरी आले. वाईट माणूस नव्हते ते, सगळ्यांच्या वतीनं आले होते. म्हणाले, "नाना, तुन्ही अंडेरनी रुमालमाधलं बाहेर काढं. आते तुन्हा हातमा हात कसा देवो?" मी आतून बाहेर येत होते, माझ्यावरच सगळं घ्यायला. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिना काय दोष? ती बाहेर काढी, हाई माले माहीत व्हतं. माहीत व्हतं म्हनीसनच मी हात काढा नई." भिकाकाका पाणीही न पिता गेले. मी दाराशीच बसले आणि रडले. नाना माझ्यावर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पावसाळाभर ते बाजारात जात आणि तसेच परत येत. दिवाळीनंतर डोंगरातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जायला निघतात. मागे बैल सांभाळायला कोणी नसतं म्हणून तेव्हा बाजाराला जोर असतो. वेस्तादादा बैल घेऊन आला. बाकीच्या दलालांकडे न जाता तो नानांच्याच झाडाखाली आला आणि बैल बांधून त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. दुपारी खालच्या गावचा एक शेतकरी थांबला. त्यानं बैल फिरवून बघितला, ओठ वर करून दात बघितले, पाठीवर थाप मारली. त्याला बैल आवडला होता, ते मलाही दिसत होतं. त्यानं विचारलं, "कोठला शे?"

वेस्तादादानं नेहमीसारखं नानांकडे पाहिलं.

"काठीकडला," नाना म्हणाले.

"तोरणमाळना नई?"

"नई. काठीकडला शे. सा दाती शे. बैल चांगला शे."

त्या माणसाचा हात बैलाच्या पाठीवरून खाली आला. खुरकतीची गोष्ट खालच्या गावांत पोहोचलेली होती. त्यानं मान हलवली आणि तो भिकाकाकांकडे गेला. तिथून तोरणमाळ, तोरणमाळ असं ऐकू येत होतं. उन्हं उतरेपर्यंत दुसरं कोणी आलं नाही. वेस्तादादा उठला, त्यानं दावं सोडलं. मला त्याच्याकडे बघवेना. दोन दिवसांनी त्याला ऊसतोडीला जायचं होतं आणि हा बैल कुणाच्या भरवशावर ठेवायचा हा प्रश्न तसाच राहिला होता. नाना त्याला म्हणाले, "मन्हामुळे तुन्हा बैल ऱ्हायी गया रे, दादा." वेस्तादादा बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "जित्ता शे ना, नाना. नई ईकाना ते नई ईकाना."

तो रस्त्याला लागला. नाना माझ्याकडे वळून जरा चिडूनच म्हणाले, "काय देखी ऱ्हायनी? लिख ना." मी लिहिलं. गाव काठी, दात सहा, जात गावठी, विक्री नाही. वर्ष-दीड वर्षात मी कागदावर लिहिलेली ती पहिली खरी ओळ होती. नाना माझ्या खांद्यावरून वाकून ती शेवटपर्यंत वाचत होते.